कुत्र्याचे मागील पाय एकाएकीं लुळे पडले तर



कुत्रा पाळलेल्या कुटुंबावर कधीं तरी असा प्रसंग येतो, कीं आदल्या रात्रीं जिन्यावरून धांवत आलेला कुत्रा सकाळीं उठूं पाहतो, पुढचे पाय रोंवतो आणि मागचा भाग मात्र जमिनीवरच राहतो. उठलाच तर झोंकांड्या खातो, किंवा मागचे दोन्ही पाय ओढीत फरपटत पुढें येतो. घरांतील माणसें घाबरतात आणि पशुवैद्याला पहिला प्रश्न विचारतात तो असा: "डॉक्टर, याला झालें तरी काय?" प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे. परंतु जाणता पशुवैद्य त्याचें उत्तर लगेच देत नाहीं. तो आधीं दुसऱ्याच एका प्रश्नाच्या मागें असतो. तो प्रश्न म्हणजे, "बिघाड झाला कोठें?" आजच्या भाषणांत या दुसऱ्या प्रश्नाची ओळख आपणांस करून द्यावी, एवढाच माझा हेतु आहे. "कोठें" याचा निर्णय झाल्यावांचून "काय" याचें दिलेलें उत्तर हा केवळ अंदाज होय. आणि अशा अंदाजावर विसंबून घरच्या घरीं जे तास निघून जातात, त्यांवरच पुष्कळदां तो कुत्रा पुन्हा चालणार कीं नाहीं हें अवलंबून असतें.

मागच्या पायांतील शक्ति जाणें हें रोगाचें नांव नव्हे. खोकला जसा साध्या पडशाचाहि असतो आणि क्षयाचाहि असतो, तसेंच हें एक लक्षण आहे. पण घरांत त्याला नांव मिळावयास वेळ लागत नाहीं. कोणी म्हणतें वात आहे, कोणी म्हणतें फरशीवर घसरला असेल, आणि कुत्रा नऊ-दहा वर्षांचा असला तर सारा दोष वयाच्या माथीं जातो. नांव ठरलें कीं उपचारहि ठरतो. वातावर कोमट तेलाची मालिश, मुक्या मारावर शेक, आणि दुखतें म्हणून घरांतल्या डब्यांतली माणसाची गोळी. यांतील गोळी तर सरळसरळ घातक ठरूं शकते. माणसें सर्रास घेतात त्या आयब्युप्रोफेननें कुत्र्याच्या जठरांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. हे सर्व उपचार प्रेमापोटीं होतात, यांत शंका नाहीं. त्यांचा दोष एवढाच, कीं ते बिघाडाची जागा ठाऊक नसतांना केलेले असतात.

जागा म्हणजे काय, हें एका दृष्टांतानें पाहूं. मेंदू हें मुंबईचें स्टेशन समजा आणि मागचे पाय हें पुणें. "चाल" ही आज्ञा मेंदूंतून निघते, पाठीच्या कण्यांतून गेलेल्या मज्जारज्जूच्या रुळांवरून कमरेपर्यंत जाते आणि तेथून मज्जातंतूंच्या फांट्यांनीं स्नायूंपर्यंत पोंचते. पंजा सुलटा टेकला कीं उलटा, खालची जमीन गार कीं तापलेली, ही वार्ताहि त्याच मार्गानें उलट दिशेस येते. पुढच्या पायांचा फांटा मानेच्या शेवटाशींच फुटतो; तें आपलें ठाणें. आतां पुण्याला गाडी आली नाहीं, तर कारणें किती असूं शकतील? खंडाळ्याच्या घाटांत दरड कोसळली असेल; पुणें स्टेशनांतलेच रूळ नादुरुस्त असतील; किंवा रूळ धड असून इंजिनालाच वीज मिळत नसेल. पुण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला या सर्वांचा परिणाम एकच दिसतो: गाडी नाहीं. आपण घरांत कुत्र्याकडे पाहतो तें त्या फलाटावरून. पशुवैद्याचें काम मार्गावरून चालत जाऊन दरड शोधण्याचें आहे.

पहिला शोध असा, कीं बिघाड रुळांचा आहे कीं इंजिनाचा. कुत्र्याचा ओंठ उचलून हिरड्या पाहाव्या. त्या पांढुरक्या पडल्या असतील, श्वास उथळ आणि जलद असेल, तर हा पायांचा विकार नव्हेच. प्लीहेवरील गांठ फुटून पोटांत रक्तस्राव होत असेल किंवा हृदय थकलें असेल, तरी कुत्रा प्रथम मागच्या पायांवरच बसतो. अशा वेळीं घड्याळाकडे पाहत बसूं नये, तत्काळ निघावें. मागचे पंजे हाताला गार लागत असतील, नखांच्या बुडाशीं निळसर छटा दिसत असेल आणि जांघेंत नाडी लागत नसेल, तर महारोहिणी जेथें दोन्ही पायांकडे दुभागते तेथें रक्ताची गुठळी अडकल्याचा संशय येतो. हा विकार मांजरांत अधिक आढळतो. पण कुत्रे त्यांतून सुटलेले नाहींत.

आपल्या देशांत गोचिडींमुळें होणारा ताप हीहि नेहमीं ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. त्यांत अंगांत कणकण असते, सांधे दुखतात, आणि कुत्रा उठावयास नाखुष असतो. घरच्यांना वाटतें पाय गेले. रक्ताच्या तपासणीनें याचा उलगडा होतो. तसेंच गुडघ्यांतील बंध दोन्ही पायांत तुटले, किंवा खुब्याचे सांधे झिजलेले असले, तरी कुत्रा लुळा पडल्याचा भास होतो. परंतु सांध्याच्या रोग्यांत आणि मज्जेच्या रोग्यांत एक मोठा भेद आहे. सांधा दुखणारा कुत्रा आंखूड पावलें टाकतो, लंगडतो, पण पाऊल जेथें टाकावयाचें तेथेंच टाकतो. मज्जारज्जूला धक्का पोंचलेल्या कुत्र्याला आपलें पाऊल कोठें आहे याचाच पत्ता नसतो. त्याचा पंजा उलटा पडतो, तो पंजाच्या पाठीवर चालतो, पाय एकमेकांत अडकतात, नखें पुढून घांसलेलीं दिसतात. पशुवैद्य कुत्र्याला पोटाखालीं आधार देऊन उभा करतो आणि मागचा एक पंजा हळूच उलटा टेकवतो. निरोगी कुत्रा तो क्षणार्धांत सुलटा करतो. ज्याला वार्ताच पोंचत नाहीं, तो तसाच उभा राहतो. साधी दिसणारी ही परीक्षा फार बोलकी आहे.

यापुढें पुढच्या पायांकडे पाहावयाचें. तेहि दुबळे असतील तर दरड ठाण्याच्या अलीकडे, म्हणजे मानेंत असावी. किंवा सर्वच मज्जातंतूंना वा स्नायूंना ग्रासणारा विकार असावा. सडलेलें मांस खाण्यांतून होणारी बोट्युलिझम नांवाची विषबाधा मागच्या पायांपासून सुरू होऊन पुढें सरकते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर अशाच वर चढत जाणाऱ्या लुळेपणाचें कारण म्हणून पशुवैद्य प्रथम अंगावरची गोचीड शोधतो. तिकडील एका जातीच्या गोचिडीच्या लाळेंत पक्षाघात करणारें विष असतें. एकच लक्षण, पण देश बदलला कीं पहिला संशय बदलतो.

आणि आपल्या देशांत एक संशय असा आहे, कीं तो बोलून दाखविल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. रेबीज म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें चावत सुटलेला, पिसाळलेला कुत्रा येतो. परंतु या रोगाचा एक मुका प्रकारहि आहे. त्यांत कुत्रा चवताळत नाहीं, तर लुळा पडतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, घांस गिळतां येत नाहीं, आणि कांहीं वेळां पायांतील दुर्बलता आधीं दिसते. ज्या कुत्र्याला लस टोंचलेली नाहीं, किंवा ज्याला मागील कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत दुसऱ्या जनावरानें चावल्याचा संशय आहे, त्याच्या तोंडांत हात घालून घशांत कांहीं अडकलें आहे का, हें कदापि पाहूं नये. अशा कुत्र्याचा ओंठ उचलून हिरड्याहि पाहूं नयेत. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी. हा रोग एकदां प्रकट झाला म्हणजे त्यावर उपाय उरत नाहीं.

आतां पुढचे पाय उत्तम आहेत, शुद्धि चांगली आहे, आणि फक्त मागचे पाय गेले आहेत, अशा नेहमींच्या रोग्याकडे वळूं. येथें दरड ठाणें आणि पुणें यांच्या दरम्यान आहे, हें निश्चित. कुत्र्याच्या छातीला १३ मणके आणि कमरेला ७ मणके. एवढ्या वीस मणक्यांत नेमकी जागा कशी हुडकावयाची? येथें प्रतिक्षिप्त क्रिया उपयोगी पडतात. घाटांत दरड पडून मुंबईशीं संबंध तुटला, तरी पुणें-लोणावळें या लोकल गाड्या आपल्या आपण धांवूं शकतात. तसेंच कमरेंतील मज्जेचें आहे. वरून आज्ञा येत नसली, तरी गुडघ्याखालच्या शिरेवर टिचकी मारली असतां पाय उडतो. किंबहुना वरचा दाब सुटल्यानें अधिकच जोरानें उडतो. म्हणजे दरड खांद्यापासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत कोठें तरी आहे. पाय पार ढिले असून टिचकीला मुळींच जाब देत नसतील, तर बिघाड खुद्द पुणें स्टेशनांत, म्हणजे कमरेंतल्या मज्जेंत वा तेथून निघणाऱ्या तंतूंत आहे. मग वैद्य कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी कमरेकडून मानेकडे हळूहळू चिमटीत जातो. माशी बसतांच गुरांची कातडी थरथरते, तशी कुत्र्याचीहि थरथरते. ज्या रेषेच्या मागें ती थरथर बंद पडलेली असते, तिच्या थोडें पुढें दरड असावयाची. एका पैशाचेंहि यंत्र न वापरतां येथवर येतां येतें.

याच ठिकाणीं घरच्या माणसांचा एक मोठा गैरसमज होतो. वैद्य मागचें बोट चिमट्यानें दाबतो, पाय आंखडतो, आणि घरचे आनंदानें म्हणतात, "पाहा, त्याला कळतें आहे!" पण पाय आंखडणें ही पुणें-लोणावळें लोकल आहे, त्यासाठीं मुंबईची गरज लागत नाहीं. बोट दाबल्यावर कुत्रा मान वळवून पाहतो का, कण्हतो का, चावावयास येतो का, हें पाहावयाचें असतें. तें झालें तरच वेदनेची वार्ता मेंदूपर्यंत पोंचली. या खोल संवेदनेवर रोग्याचें भवितव्य जितकें अवलंबून असतें, तितकें दुसऱ्या कशावरहि नसतें.

"कोठें" हें कळलें, आतां "काय" हें विचारतां येईल. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या व ठेंगण्या पायांच्या जातींत, तसेंच बीगल, कॉकर स्पॅनिएल, पेकिनीज यांत पहिला संशय मणक्यांमधल्या गादीचा. ही गादी बाहेरून चिवट तंतूंच्या कड्याची आणि आंतून मऊ गराची असते. या जातींत आंतला गर अगदीं लहान वयांतच कडक, चुनखडीसारखा होऊं लागतो. मग एके दिवशीं सोफ्यावरून उडी मारण्याइतक्या क्षुल्लक कारणानें कडें फाटतें आणि तो गर बंदुकीच्या गोळीसारखा मज्जारज्जूवर आदळतो. स्वीडनमधील हान्सेन या संशोधकानें १९५२ सालीं या विकाराचे दोन प्रकार स्पष्ट केले. एक हा एकाएकीं फुटणारा. दुसरा मोठ्या जातींच्या वयस्क कुत्र्यांत गादी हळूहळू फुगून मज्जेवर दाब आणणारा. पाय आंखूड करणाऱ्या व गादी अकालीं म्हातारी करणाऱ्या एका जनुकाचा शोध २०१७ सालीं लागला. म्हणजे ज्या ठेंगणेपणाचें आपण कौतुक करतों, त्याचीच किंमत त्या कुत्र्याची पाठ मोजीत असते. छातीच्या पहिल्या दहा मणक्यांच्या भागांत फांसळ्यांना जोडणारा एक बंध गादीला वरून आवळून धरतो, म्हणून तेथें ती क्वचित् फुटते. छाती जेथें संपते आणि कंबर सुरू होते, त्या सांध्याच्या आसपास हा अपघात सर्वांत अधिक होतो. पाठ कमानीसारखी वांकणें, उचलतांना किंकाळी फोडणें, जिना टाळणें ही त्याची पूर्वसूचना असते.

याच्या अगदीं उलट चित्र दुसऱ्या एका विकाराचें आहे. धांवतां-खेळतांना एखादा धिप्पाड कुत्रा एकदम ओरडतो आणि एका बाजूचा मागचा पाय, क्वचित् दोन्ही, गमावून बसतो. पण थोड्याच वेळानें पाठ दाबली तरी त्याला दुखत नाहीं, आणि चोवीस तासांनंतर दुर्बलता वाढतहि नाहीं. येथें गादीच्या गराचा सूक्ष्म कण रक्तवाहिनींत शिरून मज्जेच्या एका तुकड्याचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो. म्हणजे मज्जेचा पक्षाघातच. यावर शस्त्रक्रिया नाहीं. व्यायाम आणि शुश्रूषा यांनीं यांतील पुष्कळ कुत्रे कांहीं आठवड्यांत चालूं लागतात.

यांवरून आपल्या ध्यानांत येईल, कीं वैद्य इतके प्रश्न कां विचारतो. वय व जात कोणती? दुर्बलता मिनिटांत आली, दिवसांत आली कीं महिन्यांत? वेदना आहे का? दोन्ही बाजू सारख्या आहेत का? आणि पहिल्या दिवसापासून वाढते आहे, स्थिर आहे कीं उतरते आहे? जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडे पूर्वीं अल्सेशियन म्हणत, त्याला म्हातारपणीं मज्जेचा एक क्षयकारक विकार होतो. तो वेदनारहित असतो आणि महिनोन्महिने चालतो. घरच्यांना मात्र तो "एकाएकीं" वाटतो, कारण त्यांनीं घांसलेलीं नखें पाहिलेलीं नसतात, फक्त पहिलें कोसळणें पाहिलेलें असतें. लस न टोंचलेल्या तरुण कुत्र्यांत डिस्टेंपरचा, ताप व तीव्र पाठदुखी असलेल्यांत गादीला जंतु लागल्याचा, वयस्कांत गांठीचा विचार करावा लागतो.

"एक क्ष-किरण चित्र काढून टाका म्हणजे कळेल," असें आपण सहज म्हणतों. हें चित्र मोडलेला मणका, जंतूंनीं पोखरलेलें हाड किंवा चुना सांचलेली गादी दाखवील. पण मज्जारज्जु व त्यावर पडलेला दाब त्यांत दिसत नाहीं. चित्र स्वच्छ आलें म्हणून पाठ स्वच्छ आहे, असें समजूं नये. पूर्वीं मज्जेभोंवतीं औषध टोंचून चित्र घेत; आतां सी. टी. आणि विशेषतः एम्. आर्. आय्. या तपासण्यांनीं गादी, मज्जा, सूज हें सारें पृथक् दिसतें. त्यांसाठीं कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते, खर्च बराच येतो, आणि ही सोय मोठ्या शहरांपलीकडे सहसा नाहीं. म्हणून आधीं जागा ठरविण्याचें महत्त्व; यंत्राला कोणत्या मणक्यांवर रोखावयाचें, हें हातांनीं केलेली परीक्षाच सांगते. १८८६ सालीं मुंबईस परळ येथें निघालेल्या व्हेटर्नरी कॉलेजासारख्या संस्थांतून विद्यार्थ्याला प्रथम आपलीं बोटें आणि डोळे वापरावयास शिकवितात, तें उगीच नव्हे.

निदानावर किती अवलंबून आहे, हें आंकड्यांनीं सांगतों. गादी सरकलेला कुत्रा झोंकांड्या खात का होईना, पण चालत असेल, तर त्याला किमान चार आठवडे लहान पिंजऱ्यांत वा कुंपणांत सक्त विश्रांति दिली असतां दहांपैकीं सुमारें आठ कुत्रे सुधारतात, जरी दुखणें पुन्हा उलटण्याचा संभव राहतो. पाय पूर्ण गेले पण खोल संवेदना शाबूत असली, तर शस्त्रक्रियेनंतर दहांपैकीं नऊ किंवा त्याहूनहि अधिक चालूं लागतात. संवेदना गेली, कीं हेंच प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून थोडेंच वर येतें. आणि पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर घसरावयास कधीं कधीं एक रात्र पुरते. संवेदना गमावलेल्यांपैकीं सुमारें दहांत एकाची मज्जा विरघळत वर चढत जाते. त्याला मात्र सुखानें मरूं देणें हीच दया होय. पण ती दया निदानानंतरची. "पाय गेले, आतां सोडवून टाका," असा निर्णय पहिल्याच दिवशीं, जागाहि न शोधतां घेणें, हा त्या मुक्या जिवावर अन्याय आहे.

पशुवैद्याकडे पोंचेपर्यंत आपण काय करावें? कुत्र्याला काखेंत धरून लोंबकळत उचलूं नये. फळी, ताट्या किंवा ताणून धरलेलें जाड कांबळें यांवर आडवा ठेवून न्यावा. मालिश करूं नये, चालवून पाहूं नये, कोणतीहि गोळी देऊं नये. एखाद्यानें स्टेरॉइड टोंचण्याचा आग्रह धरला, तर आधीं कोणतें औषध दिलें गेलें आहे तें अवश्य सांगावें. वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र पोटांत गेल्यास जठरांतून रक्तस्राव होतो, आणि घाईनें दिलेलें स्टेरॉइड पुढील तपासण्या फसवूं शकतें. शेवटची लघवी केव्हां झाली तें टिपून ठेवावें. तुंबलेलें मूत्राशय हें या रोग्याचें दुसरें संकट असतें. आणि मोबाइल टेलिफोनवर कुत्र्याच्या पहिल्या हालचालींचें एक मिनिटाचें चलच्चित्र घेऊन ठेवावें. दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेला कुत्रा निराळाच वागतो; घरच्या फरशीवर तो कसा पडला, हें वैद्याला केवळ आपणच दाखवूं शकतां.

कुत्र्याला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. पण तें कोठें आहे, हें त्याचा उलटा पडलेला पंजा, थरथर थांबलेली कातडी आणि न वळलेली मान सांगत असते. ती भाषा वाचण्याचें काम वैद्याचें. ती वाचावयास त्याला वेळ मिळेल, एवढ्या लवकर त्याच्याकडे जाणें, हें काम आपलें.